इंद्रभानचा खड्डा

त्या साली पाऊस जायचं नाव घेईना. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, तरी मधूनच आभाळ भरून यायचं आणि उभ्या ज्वारीवर सर ओतून जायचं. दाणा काळा पडेल म्हणून उत्तमरावांनी घाईघाईनं कणसं खुडून घेतली. दाणा वाचला, पण कडबा राहिला तसाच ओलागच्च. पेंढ्या बांधाव्यात तर आतून वाफ निघे. गंजी रचावी तर ती बुरशीनं आत काळी होणार हे दिसतच होतं. गोठ्यात बैल होते, म्हैस होती, आणि त्यांच्या बायकोची, रुखमाबाईंची, तांबडी गाय होती, तीही गाभण. उन्हाळा काढायचा कशावर, या विचारानं उत्तमराव सकाळपासून ओसरीवर नुसते बसून होते.

देऊळगाव राजाच्या पलीकडे, निजामाच्या मोगलाईची हद्द जिथून दिसते तिथलं हे गाव. उत्तमरावांचं घर गावात बऱ्यापैकी खातंपितं. माणूस सरळ, कोणाचंही बोलणं आधी खरं धरणारा. त्यांची सून कोकिळा, हिंमतरावाची बायको, दोनच वर्षांपूर्वी बीबीहून या घरात आलेली. ती नुकतीच दिवाळी करून माहेरून परतली होती. सासऱ्यांपुढे चहाची कपबशी ठेवताना तिच्या तोंडून निघून गेलं,

"मामाजी, आमच्या बाबाच्या इथं असा ओला कडबा खड्ड्यात घालतेत. बारीक तोडून, दाबून, वरून माती लिंपून. उन्हाळ्यात उघडला का हिरवाच निघते."

"खड्ड्यात?" रुखमाबाई आतून बाहेर आल्या. "अन् सडत नाही?"

"नाही, आत्याबाई. ढोरं तुटून पडतेत त्याच्यावर."

उत्तमरावांनी कपबशी खाली ठेवली. "बालाजीच्या जत्रेत शेतकी खात्याचा एक माणूस असंच काही सांगून राह्यला होता. आम्ही हसून पुढं गेलो. तुह्या बापानं करून पाह्यलं म्हणतं?"

"हाव."

"सोताचा खड्डा हाये त्याचा?"

"हाव, मामाजी."

इतकंच. दोन वेळा हाव म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तो दुसरा हाव खोटा होता. कारण खड्डा तिच्या बापाचा नव्हता.

दिवाळीला चुलता तिला न्यायला आला तेव्हाच तो वाटेत गप्प गप्प होता. घरी पोचल्यावर तिला कळलं की बुळकांडीच्या रोगानं बाबाचे दोन्ही बैल गेले, वावर दुसऱ्याला बटाईनं दिलं, आणि बाबानं भगवानराव देशमुखांकडे वर्षाच्या मजुरीवर साल धरलं. तिचा बाप, इंद्रभान, ज्याच्या दारात लग्नाच्या वेळी सोयऱ्यांच्या गाड्या सुटल्या होत्या, तो आता दुसऱ्याच्या मळ्यात सालदार होता. "सासरी सांगजो नको, बाई," आई म्हणाली होती. सांगायला तिला कोणी सांगितलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

पाडव्याच्या दिवशी आईनं बाबाची भाकर घेऊन तिला मळ्यात धाडलं. विहिरीच्या पलीकडे तो मोठा खड्डा होता. आत मांड्यांपर्यंत कडब्यात रुतलेला बाबा नाचल्यासारखा पाय आपटत होता. धोतर वर खोचलेलं, अंगाला कुट्टीची कुसं चिकटलेली. एका हातात बादली, दुसऱ्या हातानं तो काहीतरी शिंपडत होता. बांधावर देशमुखांच्या घरच्या बायका जरीची लुगडी नेसून उभ्या होत्या आणि हसत हसत बघत होत्या. त्यातल्या एकीनं कोकिळेला ओळखलं, लग्नाला आली होती ती. कोकिळेनं पदर पुढे ओढला, भाकरीचं फडकं लिंबाच्या फांदीला अडकवलं आणि पाठ फिरवून घराकडे निघाली. खड्ड्याजवळ ती गेलीच नाही.

आणि आता उत्तमराव खड्डा खणायला निघाले होते.

खड्डा झाला. हिंमतराव आणि दोन गडी विळ्यांनी कडब्याची कुट्टी करू लागले. शेजारचे पुंजाजी बघायला येऊन बसले. तंबाखू मळत त्यांनी विचारलं, "उत्तमराव, ढोराईच्या चाऱ्याले मूठमाती देऊन राह्यले का?"

"इवाईची युक्ती हाये," उत्तमराव व्याह्याबद्दलच्या मोठ्या अभिमानानं म्हणाले. "बीबीले त्याहिचा खड्डा हाये."

कोकिळा पाणी घेऊन आली होती. पहिला थर पडला तेव्हा उत्तमरावांनी वर पाहून विचारलं, "सूनबाई, थराथराले काही टाकतेत का?"

"हाव. बादलीतून शिंपतेत."

"काय असते बादलीत?"

साऱ्यांचे डोळे तिच्याकडे. बादली तिनं पाहिली होती, बादलीत काय होतं ते पाहिलं नव्हतं. मले ठाऊक नाही, असं म्हणायला काय हरकत होती? पण मग सासरे विचारणार, बापाच्या खड्ड्याजवळ गेली नाहीस का, काऊन गेली नाहीस? लोणच्याला काय घालतात, एवढंच त्या क्षणी तिला सुचलं.

"मिठाचं पाणी," ती म्हणाली.

मग मीठ आलं. जाड खडेमीठ, पाण्यात कालवलेलं. ओल्या कडब्यावर ते खारं पाणी थराथराला पडत गेलं. तुडवायला गडी उतरले, पण हसत-खिदळत चार फेऱ्या मारून वर आले. नीट तुडवा असं कोणी म्हणालं नाही, कारण कशासाठी तुडवायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. पळसाची पानं पसरली, वर माती आणि शेण लिंपलं. उत्तमरावांनी शेवटचा हात स्वतः फिरवला आणि नारळ फोडला.

सारा हिवाळा कोकिळा त्या लिंपलेल्या मातीकडे पाहात असे. मातीला भेग पडली की गुपचूप जाऊन बुजवी. होईल ठीक, मीठ काही वाईट नसतं, असं मनाला सांगे. आपण हाव म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा कसा फुलला होता ते आठवे.

चैत्रात, बाकीची वैरण संपत आली तेव्हा खड्डा उघडला. पहिलं फावडं आत गेलं आणि वास आला. रुखमाबाईंनी नाकाला पदर लावला. वरचा थर काळा, चिकट, शेणासारखा झाला होता. खाली खाली पांढरी बुरशी, जाळ्यासारखी. पुंजाजी थट्टा न करताच उठून गेले, आणि ते कोकिळेला थट्टेपेक्षा जास्त लागलं. पार तळाजवळ थोडा चारा बरा दिसत होता, तपकिरी, ओलसर. उत्तमराव म्हणाले, "एवढा तरी पाहू." बैलांनी हुंगून तोंड फिरवलं. तांबडी गाय मात्र भुकेली होती. तिनं खाल्लं.

काही दिवसांनी सकाळी रुखमाबाईंच्या ओरडण्यानं घर जागं झालं. गाय गाभडली होती. गव्हाणीशी ती मान खाली घालून उभी होती आणि खाली पडलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या वासराला चाटत होती. रुखमाबाई तिच्या गळ्यात हात घालून बसल्या. त्या रडत होत्या, आणि कोकिळा दाराशी उभी राहून पाहात होती.

चाऱ्यानंच झालं हे नक्की सांगणार कोण? पण गावानं ठरवलं. चावडीवर पुंजाजींनी विषय काढला, "उत्तमराव, सुनेच्या सांगण्यावर एवढा कडबा घालवला तुम्ही." उत्तमराव म्हणाले, "सुनेनं बरोबरच सांगितलं होतं. चुकलं माहं. मीठ म्याच जास्त टाकलं, तुडवलं बी नाही नीट." हे हिंमतरावानं घरी येऊन कोकिळेला सांगितलं. तो तिची समजूत घालायला सांगत होता. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

संध्याकाळी उत्तमराव तिला म्हणाले, "माय, आपण बीबीले जाऊन येऊ. तुह्या बापाले इचारू, कुठं चुकलं ते. त्याचा खड्डा आता उघडला असंल. डोळ्यानं पाहून येतो."

कोकिळा घाईनं म्हणाली, "बाबा घरी नसतील, मामाजी. सोयऱ्याकडे जाणार होते."

"मग थांबू एखादा दिवस."

"उन्हाचं तुमाले..."

"ऊन काय मले नवं हाये?" ते हसले. ते हसणं इतकं भोळं होतं की त्याच वेळी खाली बसून सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण रुखमाबाई तिथंच ज्वारी निसत बसल्या होत्या. आणि बाप सालदार आहे हे त्यांच्यापुढे बोलायचं म्हणजे... ती उठून आत गेली.

सिंदखेडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गाडी बीबीच्या शिवारात शिरली. सारी वाट कोकिळा मनात प्रार्थना करत होती की गाडीचा आस मोडावा, बैल लंगडावा, काहीही व्हावं. काही झालं नाही. देशमुखांचा मळा सडकेलाच लागून होता. उत्तमरावांनी लांबूनच पाहिलं आणि कासरा ओढला.

"हाच का वं तुह्या बाबाचा खड्डा?"

कोकिळेनं पदर पुढे ओढला. खड्ड्याच्या कडेला लावलेल्या शिडीवरून एक माणूस वर येत होता. डोक्यावर मोठं डालं, डाल्यातून गळणारा रस कपाळावरून गालावर उतरलेला. वर येऊन त्यानं मान सरळ केली आणि गाडीकडे पाहिलं. तो इंद्रभान होता. लग्नात भरजरी फेटा बांधून इवायाच्या गळ्यात पडलेला इंद्रभान.

डालं खाली ठेवायचंही भान त्याला राहिलं नाही. उत्तमराव गाडीतून उतरले, जवळ गेले, हात जोडून म्हणाले, "राम राम इवाई! सोताच डालं उचलता? वा! आम्ही तुमचा खड्डा पाहाले आलो. सूनबाईनं सांगितलं का तुमच्या इथं असा चारा करतेत. आमचा तर सारा सडला."

इंद्रभाननं एकदा कोकिळेकडे पाहिलं. एकदाच. लेकीनं सासरी काय सांगितलं असेल ते त्याला त्या एका नजरेत कळलं. त्यानं डालं उतरवलं, मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं आणि म्हणाला,

"हाव... या ना. आमचाच खड्डा हाये. देशमुखाच्या भागीत केला, इतकंच. या, सावलीत बसा."

कोकिळेला वाटलं, आता भुईनं पोटात घ्यावं. तिकडे सासऱ्यांनी तिच्यासाठी गावात दोष अंगावर घेऊन मान खाली घातली होती, आणि इथं बाप, ज्यानं उभ्या जन्मात कोणाला फसवलं नाही, तो तिच्या एका हावासाठी भर उन्हात खोटं बोलत होता. आणि ते बोलताना त्याची जीभ अडखळत होती.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज आला. देशमुखांचे कारभारी, नारायणराव. "अरे इंद्रभान्या! ढोरं ताटकळली ना बे! कोणाशी गप्पा मारून राह्यला? डालं आण आधी!"

इंद्रभाननं सवयीनं वाकून डाल्याला हात घातला. मग थांबला. डालं धरून तसाच वाकलेला राहिला. उत्तमराव त्याच्याकडे पाहात होते, मग गोठ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

कोकिळा गाडीतून उतरली. "मामाजी," ती म्हणाली, "खड्डा देशमुखाचा हाये. बाबा सालदार हायेत त्याहिचे. बैल मेले आमचे. मी खोटं बोलली. बादलीत काय होतं ते बी मले ठाव नव्हतं. म्या पाह्यलंच नाही. मिठाचं म्या मनानं सांगितलं."

सगळं एका दमात बोलून झालं. मग इंद्रभान डालं उचलून गोठ्याकडे चालू लागला, कारण ढोरं खरंच ताटकळली होती.

उत्तमराव लिंबाखाली जाऊन बसले. खूप वेळ ते मातीत काडीनं रेघा ओढत होते. इंद्रभान परत येऊन थोडा लांब, उकिडवा बसला.

"बैल मेले तं निरोप काऊन नाही धाडला?" उत्तमराव शेवटी म्हणाले. आवाजात राग होता. "म्या काय परका होतो? एक जोडी माह्या दावणीतून सोडून नसती का दिली?"

"लेक दिली हाये तुमच्या घरी," इंद्रभान खाली पाहात म्हणाला. "तिच्या सासरातून बैल कसे आणू?"

उत्तमरावांनी उगाच खाकरून विचारलं, "काय असते बादलीत?"

"गुळाचं पाणी. गुऱ्हाळावरची काकवी असली तं काकवी. कणसं खुडल्यावर कडब्यात गोडी राहत नाही म्हणतेत, म्हणून वरून द्या लागते. कधी आंबट ताक बी कालवतेत. मीठ असते, पण चिमटीनं. किती काय ते मले नाही सांगता येत, कारभारी कालवून देते. मी शिंपतो अन् तुडवतो. पाय दुखून येईपर्यंत तुडवा लागते, हवा राहाली नाही पाहिजे." त्यानं डाल्याच्या तळाशी राहिलेला चारा मुठीत आणून पुढे केला. पिवळसर हिरवा, आंबिलीसारखा वास येणारा. उत्तमरावांनी हुंगला आणि मूठ कोकिळेपुढे धरली. तिनंही हुंगला.

"दिवाळीले तू आली होती," इंद्रभान तिला म्हणाला. आवाजात दोष द्यायचा सूर नव्हता. "जवळ येऊन इचारलं असतं तं सांगितलं असतं, बाई. म्या पाह्यलं तुले. पाठ फिरवून गेली तू. म्हटलं, उन्हानं फिरवली असंल."

कोकिळेनं पदराचा बोळा तोंडात दाबला. गाय गाभडली तेव्हासुद्धा तिला इतकं तुटल्यासारखं झालं नव्हतं. तिला वाटलं होतं, बाबाला दिसलं नाही. इतके महिने ती त्या एका आधारावर जगत होती.

त्या दिवशी उत्तमराव इवायाच्या घरी जेवले. मुकाट्यानं जेवले, पण जेवले. निघताना इंद्रभान गाडीपर्यंत आला. उत्तमराव म्हणाले, "कार्तिकात खड्डा भरायले या. मानानं या." इंद्रभान नुसता हसला.

घरी आल्यावर उत्तमरावांनी रुखमाबाईंना काहीही न लपवता सगळं सांगितलं. रुखमाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त गाईचं करणं कोकिळेकडून काढून घेतलं. वैरण, पाणी, धार, सगळं स्वतः करू लागल्या. कोकिळा गोठ्याकडे वळली की म्हणत, "राहू दे, तू चूल पाह्य." मोजकेच शब्द, पण पावसाळा सरेपर्यंत तेच. हिंमतराव बायकोशी पहिल्यासारखाच बोले, तरी एकदा त्याच्या तोंडून निघालं, "मले तरी सांगायचं होतं."

कार्तिकात उत्तमरावांनी गाडी बीबीला धाडली. गाडी इंद्रभानशिवाय परत आली. त्यात काकवीचं एक मडकं होतं आणि निरोप होता: सालातून सुट्टी मिळत नाही. उत्तमरावांना कळलं, कोकिळेलाही कळलं, की सुट्टीचं हे नुसतं सांगणं आहे. इवाई आता स्वतःच्या दावणीला बैल बांधल्याशिवाय या घराची पायरी चढणार नाही.

मग खड्ड्यात कोकिळा स्वतः उतरली. गडी पाहात राहिले, सून खड्ड्यात म्हणजे नवलच होतं. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती तुडवत होती, आणि उत्तमराव वरून बादलीतलं काकवीचं पाणी शिंपत होते. गडी थांबले तरी ती थांबली नाही. पोटऱ्या भरून आल्या, कुसं टोचून पायांना लाल रेघा उठल्या.

उन्हाळ्यात खड्डा उघडला तेव्हा कडेचा वीतभर चारा काळा निघाला. मधला मात्र पिवळा-हिरवा होता आणि त्याला तो आंबूस, गोडसर वास होता. बैलांनी खाल्ला. गाईला कोणी लगेच दिला नाही. दोन दिवस बैल ठणठणीत राहिलेले पाहून मग रुखमाबाईंनी स्वतः एक मूठ तिच्यापुढे धरली. गाईनं जीभ लांब करून ती ओढून घेतली.

पुंजाजी चारा हातात घेऊन उलटापालटा करत होते. "मानलं बुवा," ते म्हणाले. "उत्तमराव, तुमचा इवाई मोठा शेतकरी दिसते. किती खड्डे हायेत त्याचे?"

उत्तमराव तोंड उघडणार होते. त्यांच्या आधी कोकिळा बोलली. सासऱ्यांच्या देखत, परक्या माणसाशी ती कधी बोलत नसे.

"बाबाचा खड्डा नाही, काका. बाबा सालदार हाये देशमुखाकडे. तिथं तुडवतो."

पुंजाजींनी चारा खाली टाकला, हात झटकले आणि "अस्सं," म्हणाले. त्यांच्या आवाजात जो बदल झाला तो सगळ्यांना ऐकू आला. कोकिळेनं मान खाली घातली. आपण बापाचं खरं ते सांगितलं म्हणून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पुन्हा लाजच वाटली, आणि लाज वाटली याची आणखी एक लाज.

रुखमाबाई गाईपाशी उभ्या होत्या. त्यांनी रिकामी टोपली कोकिळेच्या हातात दिली.

"घे," त्या म्हणाल्या. "तिले आणखी पाहिजे म्हणते. तूच घाल."